न आलेल्या पत्राची चौकशी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



घरफोडी झाली की कळते. कोयंडा उचकटलेला दिसतो, कपाट उपसलेलं असतं. खिसा मारला गेला तर पुढच्या थांब्यापर्यंत हात खिशाकडे जातोच. टपालाची चोरी मात्र ज्याची झाली त्यालाच कळत नाही. पत्र निघालं आहे हेच त्याला ठाऊक नसतं, मग ते आलं नाही हे त्याच्या ध्यानात कसं यावं? काही महिने जातात आणि एका दुपारी वसुलीवाल्याचा फोन येतो: तुमचे तीन हप्ते थकले आहेत.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो त्यांनी हयातभर लोकांचे तक्रारअर्ज लिहून दिले. माझीही बरीच वर्षं त्याच कामात गेली. म्हणून आज विषय निवडला तो टपालातून होणाऱ्या चोरीचा, आणि त्या चोरीच्या आधारावर दुसऱ्याचं नाव पांघरून होणाऱ्या फसवणुकीचा.

आता पत्रं येतात कुठे, असं कुणी विचारेल. खुशालीची पत्रं थांबली हे खरं. पण जे येतं ते काय असतं, ते पाहा. चेकबुक. डेबिट कार्ड. पॅन कार्ड. गाडीचं आरसी, लायसन्स, मतदार ओळखपत्र. पेन्शनचा आदेश, विमा पॉलिसी, कोर्टाची नोटीस. पाकिटांची संख्या घटली, पण प्रत्येक पाकिटात आता आपली एकेक ओळख बंद असते.

या चोरीचा एक मोठा अध्याय आपण पाहिला आहे आणि विसरलोही आहोत. तो शेअर बाजाराच्या कागदी काळातला. 1980 आणि 1990 च्या दशकांत मराठी मध्यमवर्गाने पब्लिक इश्यूला अर्ज करायला सुरुवात केली. मुंबईच्या फोर्टात फुटपाथवर अर्जांचे गठ्ठे मिळायचे. अर्जाबरोबर चेक जोडायचा, शेअर लागले तर सर्टिफिकेट पोस्टाने, नाही लागले तर पैसे परत, तेही पोस्टाने. त्या कागदाला रिफंड ऑर्डर म्हणत. त्यावर फक्त नाव असायचं. एका इश्यूच्या रिफंड ऑर्डरी एकदमच निघायच्या, एकसारख्या पाकिटांतून, पाकिटावर कंपनीचं नाव छापलेलं. चोरट्याला पाकीट उघडून बघण्याचीही गरज नव्हती.

पुढचं काम सोपं होतं. रिफंड ऑर्डरवर जे नाव, त्याच नावाने एखाद्या बँकेत खातं उघडायचं. तेव्हा खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख पुरायची. ग्राहकाची ओळख पटवण्याची रिझर्व्ह बँकेची रीतसर चौकट 2002 मध्ये आली. खात्यात रिफंड ऑर्डर भरायची, वटली की पैसे काढून पसार. खरा अर्जदार मात्र वाट पाहत बसलेला. कंपनीला विचारावं तर ती म्हणते, आम्ही पाठवली आणि वटलीसुद्धा.

ही चोरी थांबली कशी, हे मला फार शिकवणारं वाटतं. चोर पकडून ती थांबली नाही. अर्जातच बँक खात्याचा क्रमांक मागायला सुरुवात झाली आणि तो रिफंड ऑर्डरवर छापला जाऊ लागला, म्हणजे तो कागद दुसऱ्या कुणाच्या खात्यात भरता येईना. मग रक्कम थेट खात्यात जमा होऊ लागली. 2008 मध्ये सेबीने अशी पद्धत आणली की शेअर लागेपर्यंत पैसे आपल्याच खात्यात राखून ठेवले जातात. परत पाठवण्याचा प्रश्नच संपला. शेअर सर्टिफिकेटांचंही तेच. टपालातून गहाळ झालेली सर्टिफिकेटं खोट्या सहीच्या ट्रान्सफर फॉर्मसकट बाजारात फिरायची. 1996 चा डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षी मुंबईत डिमॅटचं काम सुरू झालं, आणि 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करणं बंद झालं. पाकीट पळवलं तरी पळवणाऱ्याला त्याचा उपयोग होऊ नये, अशी व्यवस्था झाली.

दुर्दैव असं, की ही अक्कल पैशापुरती वापरली. ओळखीच्या कागदांना ती लावलेली नाही.

आता आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर चला. जिन्याखाली पत्र्याच्या खणांची एक चौकट भिंतीला ठोकलेली असते. फटीवरची झाकणं वाकलेली, लहान मुलाचा हात सहज आत जाईल इतकी. कुलपं इतकी बारकी आणि एकसारखी की शेजारच्या खणाची किल्ली आपल्याही खणाला लागते. गंजून तुटलेल्या कुलपाच्या जागी वायरचा पीळ. जागा सोडून गेलेल्या भाडेकरूचं नाव तसंच. बँकेचं मोठं पाकीट फटीत मावत नाही, म्हणून पोस्टमन ते खणांच्या माथ्यावर ठेवतो आणि ते तिथे आठवडाभर धूळ खातं. वीजबिलांचा गठ्ठा मीटरच्या जाळीला अडकवलेला. ज्याचं त्याने काढून न्यावं, असा रिवाज. कुरिअर आलं की वॉचमनच्या टेबलावर. वॉचमन एजन्सीचा, दर दोन-चार महिन्यांनी बदलणारा. त्याला नावं ठाऊक नसतात आणि तो त्याचा दोषही नाही.

या खणापर्यंत पत्राला वाट दाखवतो तो पिनकोड. आपल्या देशाला तो दिला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. 15 ऑगस्ट 1972 रोजी हे सहा आकडे लागू झाले. पहिल्या तीन आकड्यांत विभागापासून वर्गवारीच्या जिल्ह्यापर्यंतची वाट, शेवटच्या तीन आकड्यांत वाटप करणारं पोस्ट ऑफिस. एवढ्या मोठ्या देशात कुठूनही निघालेलं पत्र त्या आकड्यांच्या आधाराने आपल्या पोस्टात येतं. तिथून बीटचा पोस्टमन ते इमारतीपर्यंत आणतो. पुढची वीस पावलं कुणाचीच नाहीत. पोस्ट म्हणतं, आम्ही टाकलं. सोसायटी म्हणते, खण ज्याचा त्याने सांभाळावा. बँक म्हणते, आमच्याकडे पाठवल्याची नोंद आहे.

कधी पत्र त्या वीस पावलांपर्यंतही पोहोचत नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आणि 2018 मध्ये आपल्याच यवतमाळमध्ये एक विहीर साफ करताना आधार कार्डांचा ढीग हाती लागला. ज्यांची ती होती, त्यांच्यापैकी किती जणांनी आपलं कार्ड आलं नाही म्हणून चौकशी केली असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

चोरलेल्या पाकिटाचं पुढे काय होतं? कार्ड चोरून लगेच पैसे काढले, असं आता सहसा होत नाही. वीजबिल घ्या. दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल पत्त्याच्या पुराव्यादाखल चालतं. त्यावर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक. रद्दीत किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या कचऱ्यात पॅन कार्डाची एखादी खराब प्रत मिळते. दोन्ही जुळली की एका नावाला पत्ता मिळतो, पत्त्याला आकडा मिळतो, आणि मोबाइल नंबर तेवढा चोराचा.

उपनगरातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा हातात नुसती फोन नंबरांची यादी होती. रोज निरनिराळ्या नंबरांवरून वसुलीचे फोन, भाषा अर्वाच्य. ‘भाऊ, मी आयुष्यात शेजारणीकडून उसनी साखरसुद्धा आणली नाही हो,’ एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांच्या नावावर हप्त्यांनी महागडा मोबाइल घेतला गेला होता. आम्ही त्या कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं: कर्ज फेडलं की नाही ते नंतर पाहू, आधी अर्जाची प्रत, जोडलेले कागद आणि फोटो दाखवा. बराच पाठपुरावा केल्यावर कागद आले. पॅनचा क्रमांक बाईंचा, वीजबिल बाईंचं, फोटो एका अनोळखी तरुणीचा. बाईंना तेव्हा आठवलं, त्या सुमाराचं बिल आलंच नव्हतं. डुप्लिकेट काढून त्यांनी ते भरलं होतं. बिल भरलं गेलं, विषय संपला, असं त्यांना वाटलं होतं. चोरीची ती एकमेव खूण होती आणि ती दिसली त्या दिवशी तिला चोरीची खूण म्हणायला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मला आज जे सांगायचं आहे ते हेच. आलेल्या पत्राकडे आपण लक्ष देतो. न आलेल्या पत्राची चौकशी करण्याची सवय आपल्याला नाही, बँकांना नाही, पोलिसांना नाही आणि आता कायद्यालाही नाही.

कायद्याचं थोडं सविस्तर सांगतो. 1898 च्या टपाल कायद्यात 52 वं कलम होतं. खात्याच्या कर्मचाऱ्याने टपाल चोरलं, दडवलं, नष्ट केलं किंवा फेकून दिलं तर सात वर्षांपर्यंत कैद. 68 वं कलम तुम्हाआम्हाला लागू होतं: दुसऱ्याचं टपाल बदहेतूने दाबून ठेवलं तर दोन वर्षांपर्यंत. 2023 मध्ये जनविश्वास कायद्याने ही शिक्षेची कलमं काढून टाकली. त्याच वर्षी नवा टपाल कायदा संमत झाला आणि 18 जून 2024 पासून लागू झाला. पत्र अडवून तपासण्याचा सरकारचा अधिकार त्यात आहे, पण टपालाच्या चोरीसाठी स्वतंत्र शिक्षा नाही. भारतीय न्याय संहिता आहेच, मग वेगळं कलम कशाला, असं यावर सांगितलं जातं.

म्हणून न्याय संहिता काय म्हणते तेही पाहू. 303 वं कलम चोरीचं. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. अशा चोरीचा गुन्हा अदखलपात्र. आता सांगा, पॅन कार्डाच्या पाकिटाची किंमत काय लावायची? कागदाची की त्या कागदाच्या जोरावर उचललेल्या कर्जाची? पोलीस ठाण्यात त्याची एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, होते आणि माणूस घरी परततो. पेटी राहत्या इमारतीच्या आत असेल तर इमारतीतल्या चोरीचं 305 वं कलम लावा, असा मुद्दा मांडता येतो आणि तो मांडलाच पाहिजे. पुढे दुसऱ्याची ओळख वापरली गेली की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 सी लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण तो शेवटचा टप्पा झाला. पाकीट गेलं तो पहिला टप्पा मोकळाच राहिला.

याहून काळजीची गोष्ट 1897 च्या जनरल क्लॉजेस कायद्यात आहे. बरोबर पत्ता घालून, पैसे भरून, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली असेल, तर ती नेहमीच्या वेळात मिळाली असंच 27 वं कलम धरतं. मिळाली नाही हे आपण सिद्ध करायचं. चेक न वटल्याच्या नोटिशीलाही हे लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. म्हणजे जे पत्र तुम्ही पाहिलंही नाही, ते कायद्याच्या दृष्टीने तुमच्या हातात पडलेलं असू शकतं.

आपली कितीतरी मुलं अमेरिकेत आहेत. तिथे टपालपेटीतून पत्र चोरणं हा संघराज्याचा गुन्हा आहे आणि कायद्यात पेटीचा नावाने उल्लेख आहे; शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तरी तिथे चोरी बोकाळली, कारण लोक अजून चेक टपालाने पाठवतात. चोर चेकवरची शाई रसायनाने धुतात, सही तेवढी ठेवतात आणि नाव-रक्कम नवी घालतात. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या वित्त खात्याच्या यंत्रणेने याबद्दल सर्व बँकांना सावध केलं. पण तिथल्या टपाल खात्याची एक सोय मला आवडते: आज तुमच्या पत्त्यावर येणाऱ्या पाकिटांचे दर्शनी फोटो सकाळी ईमेलने येतात. संध्याकाळी पेटीत त्यातलं एक कमी दिसलं, की त्याच दिवशी कळतं. मुलांनी तिथे स्वतःचं नाव आधी नोंदवावं. दुसऱ्याच्या नावाने चोरांनीच ही सेवा घेतल्याची प्रकरणंही तिथे झाली आहेत.

आपल्याकडे अशी सेवा नाही, पण हाताशी बरंच आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. अनेकांना वाटतं, रजिस्टरची सोय गेली. ती गेलेली नाही. स्पीड पोस्टाला नोंदणीची जोड मागता येते, मग पाकीट पत्त्यावरच्या त्याच माणसाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्याच्या हातात जातं. ओटीपी दाखवल्याशिवाय देऊ नये, असंही सांगता येतं. ऑक्टोबर 2025 पासूनच्या दरात यातल्या प्रत्येकाला पाच रुपये आणि जीएसटी. मूळ कागद पाठवताना काउंटरवर ही जोड तोंडाने मागा, कारण न मागता कुणी देणार नाही. घर बदललंत तर जुन्या पोस्टात लेखी अर्ज देऊन टपाल नव्या पत्त्यावर वळवून घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. भाड्याने राहणाऱ्यांकडून हे हमखास राहून जातं.

चेकबुक, कार्ड, लायसन्स, काहीही मागवलं की त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा: मागवलं. पाठवल्याचा एसएमएस आला की ट्रॅकिंगचा क्रमांक लिहा. ‘डिलिव्हर्ड’ दिसलं आणि पाकीट हातात नसेल, तर उद्यावर टाकू नका. चेकबुकाचे क्रमांक देऊन सगळे चेक थांबवायला बँकेला लेखी सांगा. कार्ड असेल तर ते बंद करवा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 पासूनच्या नियमानुसार नवं कार्ड ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांना बंद अवस्थेतच येतं, ही मोठी सोय आहे. मोठ्या रकमेचा चेक देत असाल तर 1 जानेवारी 2021 पासून सुरू झालेली पॉझिटिव्ह पे वापरा: पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकचा तपशील आधी बँकेला कळवता येतो आणि वटवताना तो ताडून पाहिला जातो.

कर्जाची नोंद तपासणं हे आपल्याकडे कर्जदाराचं काम समजलं जातं. ज्याने कधी कर्ज घेतलं नाही त्याने ते आधी करावं. देशात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि 2017 पासून प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. तीन-तीन महिन्यांनी एकीचा मागितला तर वर्षभर पहारा राहतो. खोटी नोंद दिसली की लेखी हरकत घ्या. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. त्या शिक्षिकाबाईंच्या प्रकरणात हा नियम तेव्हा नव्हता. असता तर त्यांचा कितीतरी मनस्ताप वाचला असता.

खोट्या सहीचा चेक वटला तर बँका ग्राहकालाच दटावतात: तुम्ही स्टेटमेंट वेळेवर का तपासलं नाही? ज्येष्ठ माणसं एवढ्याने खचतात आणि ओशाळून परत जातात. त्यांनी 1987 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा, कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन. कंपनीच्याच माणसाने खोट्या सह्यांचे 42 चेक वटवले होते आणि ते बराच काळ कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, खोट्या सहीचा चेक म्हणजे पैसे देण्याचा हुकूमच नव्हे. ग्राहकाने निष्काळजीपणे पासबुक पाहिलं नाही, एवढ्यावर बँकेची सुटका होत नाही. तक्रारअर्जात हा निकाल लिहिला की समोरचा सूर बदलतो, हे मी पाहिलं आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला लेखी कळवणं. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाने तुमची जबाबदारी ठरवताना या मुदतीला महत्त्व दिलं.

हे सगळं नागरिकाने करायचं, पण नुसतं नागरिकावर ढकलून चालणार नाही. खातं, ग्राहक क्रमांक, पॅन, जन्मतारीख एकाच कागदावर पूर्ण छापून साध्या टपालाने पाठवण्याचं बँकांना आणि विमा कंपन्यांना कारण काय? शेवटचे चार आकडे पुरतात. रिफंड ऑर्डरच्या वेळी जे जमलं ते इथेही जमेल. पत्ता बदलाचा अर्ज आला की जुन्या पत्त्यावर आणि जुन्या मोबाइलवर, दोन्हीकडे कळवलं पाहिजे. परत आलेलं टपाल ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा मारून गठ्ठ्यात टाकण्याऐवजी ग्राहकाला फोन गेला पाहिजे. आणि संसदेने नव्या टपाल कायद्यात दुरुस्ती करून, पोस्टातून निघाल्यापासून हातात पडेपर्यंत टपालाला हात लावणं हा दखलपात्र गुन्हा ठरवला पाहिजे, पाकिटाची किंमत कितीही असो. या मागणीचं निवेदन मी तयार केलं आहे. ते खासदारांकडे जाईल. सह्यांसाठी दाराशी टेबल मांडलं आहे.

सोसायटीच्या कामाला तर बाहेरच्या कुणाची परवानगीही नको. ए-4 पाकीट मावेल अशा फटीचे खण, प्रत्येकाला वेगळी किल्ली, समोर दिवा, सीसीटीव्हीचा एक डोळा तिकडे, वॉचमनकडे आलेल्या प्रत्येक पाकिटाची वहीत नोंद आणि नेणाऱ्याची सही. सोडून गेलेल्यांचं टपाल महिन्यातून एकदा सेक्रेटरीने पोस्टात परत द्यायचं. जिने चढता न येणाऱ्या वयस्कांचं टपाल कोण वर नेणार, तेही नाव घेऊन ठरवायचं. रंगकामाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला लावा, आणि ठराव इतिवृत्तात नीट लिहिला गेला की नाही ते स्वतः वाचून पाहा.